कडी कुणी काढली

“हात बघ त्याचा, हात!” हुपरीकर बुवा म्हणाले आणि त्यांनी स्वतःचाही उजवा हात खांद्यापासून ताठ पुढे केला. “हा हात काय म्हणतोय?”

पडद्यावर एक अमेरिकन नवरा तसाच हात लांब करून उभा होता. समोर उघड्या दारात त्याची बायको, आणि तिच्या कडेवर शिवणाचं मशीन. बाहेर बर्फ पडत होतं. ती वळली, बर्फात चालत गेली आणि चित्र संपलं. इब्राहिमभाईंनी दिवा झाकला आणि खाली येऊन दारांवरचे काळे पडदे सारले.

“तो ‘थांब’ म्हणतोय,” मी म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“पडद्यावरची पाटी म्हणते. ‘थांब, मार्था.’ आणि लगेच तिची पाटी येते, ‘मला कुणी घालवलेलं नाही. मी निघाले आहे.’”

“पाटीला काय कळतंय!” बुवा हसले. “नाटक कंपनीत असताना हाच हात करून मी एका राणीला राज्याबाहेर काढत होतो. ‘चालती हो!’ पिटातली माणसं ढसाढसा रडायची. उद्या बायकांच्या खेळाला तू तेच सांगायचंस. तो म्हणतो, ‘चालती हो या घरातून.’ ती म्हणते, ‘नाथ, क्षमा करा.’ संपलं.”

“पण बुवा, तिच्या तोंडी ‘नाथ’ कुठंच नाही.”

“अगं, मुका सिनेमा आहे! आपण ठेवू ते तिच्या तोंडी.”

ही गोष्ट सांगलीतली, मूकपटांच्या अखेरच्या दिवसांतली. मी पुण्याहून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. होऊन आले होते आणि मुलीच्या या पदवीचं पुढं काय करायचं हे गावात कुणालाच सुचत नव्हतं. हायस्कुलाचे हेडमास्तर प्रत्येक वेळी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत. हुपरीकर बुवांना मात्र माझा उपयोग सुचला. त्यांचं विलास थिएटर म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड होती. तिथं अमेरिकेचे सिनेमे लागायचे. पात्रांचं बोलणं मधून मधून इंग्रजी पाट्यांवर लिहून यायचं. ते वाचता येणारी माणसं गावात थोडी, म्हणून पडद्याच्या बाजूला उभं राहून कुणीतरी पाट्या मराठीत मोठ्यानं सांगायच्या, अशी पद्धत होती. पुरुषांच्या खेळांना ते काम बुवा स्वतः करत. शनिवारी दुपारी मात्र फक्त बायकांचा खेळ असे. तिथं पुरुषानं उभं राहणं बरं दिसत नव्हतं, म्हणून मी. पेटीवाले पडद्याआड असत आणि सिनेमाचं मशीन फिरवणारे इब्राहिमभाई तेवढे वर खोलीत असत. पण त्यांच्या आई पहिल्या रांगेत बसत, त्यामुळं त्यांना कुणी पुरुषांत धरत नव्हतं.

बुवांनी या सिनेमाला गावापुरतं नाव दिलं होतं, ‘पतीची आज्ञा’. मुळात ते तिकडच्या रंगभूमीवर चाललेलं एक नाटक होतं, असं पहिल्याच पाटीवर लिहिलेलं होतं. ते दिसतही होतं. सगळी गोष्ट एकाच खोलीत घडायची. एक दार, एक खिडकी, एक टेबल आणि त्यावर मार्थाचं शिवणाचं मशीन.

“बुवा, मला चुकीचं रीडिंग देता येत नाही,” मी म्हणाले. “आमचे प्रोफेसर सांगायचे, काटा जिथं असेल तिथंच वाचायचा. आपल्याला हवा तिथं नाही.”

“काट्यावरून कुणाच्या घरात भांडण लागत नाही, प्रभाताई.” बुवा बाकावर टेकले. नाटकी आवाज खाली ठेवून साध्या आवाजात बोलू लागले. “गावातले निम्मे पुरुष हा सिनेमा बघून गेलेत. त्यांनी घरी सांगितलंय, नवऱ्यानं हाकलली. उद्या बायका घरी जाऊन म्हणणार, छे, तीच गेली. परवा संस्थानच्या दरबारात अर्ज, की विलासमध्ये आमच्या बायकांना भलतंसलतं शिकवतात. बायकांचा खेळ बंद. माझं काय, मी शनिवारी दुपारी झोपा काढीन. पण तुझ्या आत्यानं कुठं जायचं?”

कुठं मारायचं ते बुवांना बरोबर ठाऊक होतं.

अक्काआत्या माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, थोरली बहीण. आई गेल्यापासून मला तिनंच वाढवलं. तिला निपाणीला दिलेली होती, आणि नवऱ्यानं तिला टाकली. माझ्या जन्माच्या आधीच. एवढंच मला ठाऊक होतं. एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी नवा माणूस विचारायला लागला की अण्णा आवाज उतरवून म्हणायचे, “नवऱ्यानं टाकली हो,” आणि विचारणारा जिभेनं चुकचुकून गप्प व्हायचा. तिला हळदीकुंकवाची बोलावणी येत नसत. आली तरी कुंकू लावताना बायकांचा हात अडखळायचा, म्हणून तिनं जाणंच सोडलं होतं. शनिवारचा खेळ ही तिची एकच जागा. त्या दिवशी ती जांभळं इरकली लुगडं नेसायची आणि खांबाजवळच्या बाकावर बसायची. अंधारात कुणी कुणाचं कपाळ बघत नव्हतं.

घरी आले तेव्हा ती परसात देव चिंचेनं घासत बसली होती. ताम्हनात घासून झालेल्या मूर्ती ओळीनं ठेवलेल्या होत्या, बाळकृष्ण, गणपती, दोन अन्नपूर्णा. मी पाणी घालायला बसले.

“उद्याचा सिनेमा कसला आहे?”

“मार्था नावाची बाई आहे. शिवणकाम करते. तिचा नवरा—”

“मारतो?”

“नाही. कडी लावतो.”

आत्याचा चिंचेचा हात थांबला. “बाहेरून?”

“दोन्हीकडून. जाताना बाहेरून, आला की आतून. तिनं कुणाशी बोलू नये, कुणी तिच्याशी बोलू नये. वर म्हणतो, तुझ्या जिवाला जपतो.”

“मग?”

“मग एक दिवस ती उठते, कडी काढते आणि निघून जाते. मशीन घेऊन.”

“मशीन तिचं होतं?”

“तिच्या आईनं दिलेलं.”

“मग बरोबर आहे,” आत्या म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

मी तिला बुवांचं म्हणणं सांगितलं. माझा राग तिला कळत होता. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, “तू काय ठरवलंयस?”

“जे लिहिलंय ते वाचणार.”

“नको वाचूस.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मला शिकायला पुण्याला पाठवावं म्हणून अण्णांशी जी दोन महिने बोलली नव्हती, तीच ही अक्काआत्या.

“‘घालवली’ म्हटलं की बायका कीव करतात,” ती म्हणाली. “कीव झेपते, पोरी. कीव केली की उंबऱ्यात तरी उभं करतात. ‘आपणहून गेली’ म्हटलं की तेही नाही.”

“कुणाला उभं करत नाहीत?”

“मार्थेला गं. आणखी कुणाला?”

अण्णा ओसरीवरून डोकावले. “कोण गेली? कसल्या गोष्टी चालल्यात?”

“सिनेमातल्या, विनू,” आत्या म्हणाली. “तुझा चहा चुलीवर आहे.”

ते निघून गेले. मी देव पुसायला घेतले. वाईट एवढ्याचंच वाटत होतं, की हिनं तरी असं म्हणायला नको होतं.

शनिवारी शेड गच्च भरली. बाकांवर वकिलांच्या, डॉक्टरांच्या घरच्या बायका, मधोमध मामलेदारीणबाई, खाली सतरंजीवर बाकीच्या. काशी कासारीण बांगड्यांची टोपली मांडीशी घेऊनच बसली होती. पेटीवाल्यांनी पडद्यामागून सूर धरला आणि इब्राहिमभाईंचं मशीन टकटकायला लागलं.

आमच्या बायका सिनेमा गप्प बसून बघत नव्हत्या.

“अगं, हिला एकच खोली का?”

“आधी नाटक होतं ना. एकच पडदा रंगवला असेल, मेल्यांनी!”

नवऱ्यानं पहिल्यांदा दाराला कडी लावली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “चोरांचं भय असेल.” दुसऱ्यांदा लावली तेव्हा, “जपतो हो बायकोला!” शेजारीण मीठ मागायला आली आणि त्यानं तिला दारातूनच परत पाठवून कडी लावली, तेव्हा सतरंजीवरून काशी म्हणाली, “पण मारत तर नाही ना? मग सोनं आहे, सोनं! आमच्याकडं पाठवा, बदलून घेऊ!” सगळी शेड हसली. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा कडी लागली, तेव्हा हसणं कमी होत गेलं. पुढं तर तो घरात शिरला की त्याचा हात दाराकडे जायच्या आतच सगळीकडे शांतता पसरायची.

मध्ये बर्फावरून गाडी घसरत गेली त्याला वन्समोअर मिळाला. सांगली नाटकवाल्यांचं गाव. पद आवडलं की वन्समोअर घ्यायचा, ही सवय बायकांनी सिनेमालाही लावली होती. फिल्म दिव्यापुढं क्षणभर थांबली तरी पेट घेते. म्हणून इब्राहिमभाई दिवा झाकायचे, तेवढा तुकडा हातानं उलटा गुंडाळायचे आणि पुन्हा लावायचे. फिल्म झिजते म्हणून बुवांनी त्यांना सक्त मनाई केली होती. पण पहिल्या रांगेतून आईची हाक आली की बुवांचं काही चालत नव्हतं. अक्काआत्यानं मात्र कधी वन्समोअर मागितला नव्हता. थिएटरात तिचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता.

शेवटचं रीळ लागलं. शेवट काय आहे हे सगळ्यांना घरून कळलेलं होतं.

“आता हाकलतो बघ तिला.”

“बिचारी! एवढ्या थंडीत!”

मार्था उठली. तिनं मशीनवर झाकण घातलं.

“घे, घे! मशीन सोडू नकोस!” दहा-बारा बायका एकदम ओरडल्या. तिनं मशीन उचललं तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आणि गलक्यात ती दारापर्यंत पोचली, दार उघडलं, नवरा उठून उभा राहिला, आणि तो हात पुढे आला.

पडद्याच्या उजेडात मला खांबाजवळचं बाक दिसत होतं. अक्काआत्या पडद्याकडे बघतच नव्हती. मान खाली घालून स्वतःच्या ओंजळीत बघत होती.

पाटी आली. “‘थांब, मार्था,’” मी वाचलं.

कुजबूज झाली. दुसरी पाटी आली. बुवांचं वाक्य तयार होतं, लहान आणि सोपं होतं. ते वाचलं असतं तर पुढच्या शनिवारी हे बाक, हे जांभळं लुगडं, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण माझ्यासमोर ती अक्षरं हातभर उंचीची उभी होती.

“‘मला कुणी घालवलेलं नाही,’” मी वाचलं. “‘मी निघाले आहे.’”

मार्था बर्फात गेली. चित्र संपलं. आणि अंधारात एकच कल्ला उसळला.

“ए मुली!” हा मामलेदारीणबाईंचा आवाज. “काय वाचलंस तू? आमच्याकडं तर सांगितलंय, तो हाकलून देतो.”

“पाटीवर हेच होतं, बाईसाहेब.”

“मग तुझं इंग्रजी कच्चं असेल. हात पाहिला मी त्याचा. ‘चालती हो’ म्हणतोय तो! नाटकात बघत नाही का आपण?”

“आम्हाला वाचता येत नाही म्हणून काहीही सांगायचं होय गं?” काशी म्हणाली.

पाटी निघून गेली होती. पुन्हा दाखवली तरी ती इंग्रजीतच असणार, आणि माझा शब्द विरुद्ध बुवांचा शब्द एवढंच उरणार. प्रयोगशाळेत निदान दुसऱ्याला काट्याजवळ बोलावता येतं.

“वन्समोअर.”

आवाज इतका हळू होता की आधी कुणाचं लक्षच गेलं नाही.

“वन्समोअर!” अक्काआत्या उभी राहिली होती. “इब्राहिमभाई, शेवटचं पुन्हा लावा. अगदी ती उठते तिथपासून. आणि प्रभे, तू काही वाचू नकोस. त्यांचं त्यांना बघू दे.”

“बायका घरी जायच्यात आता,” वरून इब्राहिमभाई म्हणाले.

“इब्राहिम!” पहिल्या रांगेतून त्यांच्या आई कडाडल्या. “ऐकू येत नाही का रे? लाव!”

वर फिल्म उलटी गुंडाळल्याचा घरघर आवाज येत राहिला. कुणी उठलं नाही. पेटीवालेही थांबले होते. मग पडद्यावर पुन्हा तीच खोली उजळली.

मार्था उठली. तिनं झाकण घातलं, मशीन उचललं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

“आता कडी बघा,” अक्काआत्या खांबाजवळून म्हणाली. “कडी कुणी काढली?”

“तिनं,” दोघीतिघी म्हणाल्या.

“तो कुठं आहे?”

“खुर्चीत बसलाय. आत्ता उठला.”

“दार कुणी उघडलं?”

“तिनंच की गं!”

हात पुढे आला. मग मामलेदारीणबाई, कुणालाही उद्देशून नाही अशा, सावकाश बोलल्या, “बोट नाहीये.”

“काय?”

“बोट नाही दाखवलेलं त्यानं. हाकलणारा बोट दाखवतो दाराकडे. ह्याचा तळवा वर आहे. हा… हा मागतोय काहीतरी.”

पाटी आली, गेली. मी तोंड मिटून उभी होते. दुसरी पाटी आली, गेली. मार्था वळली आणि मशीन सावरत बर्फात चालत गेली.

“अगं बाई!” काशी म्हणाली. “मग हीच निघाली की! हाकलली म्हणून का सांगतात मग?”

“तसंच सांगतात,” अक्काआत्या म्हणाली.

इब्राहिमभाईंनी दिवा झाकला होता. पत्र्यांच्या फटींतून दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत आलं होतं, आणि तेवढ्या उजेडात ती मला दिसत होती. हात खांबावर होता. मान वर होती.

“माझ्याबद्दलही तसंच सांगितलंय. सांगणाऱ्यांना तेच सोयीचं होतं. मलाही पुढं तेच सोयीचं झालं. मला कुणी टाकलेलं नाही. निपाणीला आमच्या दाराला बाहेरून कडी असायची. त्या दिवशी हे घरात होते म्हणून आतून होती. पानावर बसले होते. मी वाढायची थांबले आणि कडी काढली. देवघरातली माझी अन्नपूर्णा पदराला बांधली आणि आले.”

आमच्याकडे मुलगी सासरी जाताना माहेरची अन्नपूर्णा बरोबर नेते. ती मग कायमची सासरच्या देवघरात राहते. आमच्या देवघरात दोन अन्नपूर्णा होत्या. एक आईनं तिच्या माहेराहून आणलेली, आणि दुसरी आमच्याच घरून निपाणीला गेलेली. घराबाहेर काढलेल्या बाईला देवघरापर्यंत जायला कोण सवड देतं? ती दुसरी मूर्ती मी जन्मभर बघत होते, आदल्याच संध्याकाळी हातानं पुसलीही होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या मला हे रीडिंग कधी घ्यावंसं वाटलं नव्हतं.

मामलेदारीणबाई वळून खांबाकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात सतरंजीवरून काशी कासारीण ओरडली, “वन्समोअर!”

कुणीतरी हसलं. मग बाकावरून आवाज आला, “वन्समोअर!” मग पहिल्या रांगेतून इब्राहिमभाईंच्या आई. मग सगळीकडून, पत्रे थडथडतील असा. मी खेळ संपल्यावर वाजवायची घंटा हातात घेऊन उभी होते, ती वाजवायचं विसरले.

अक्काआत्यानं गलका थांबू दिला. मग नाटकातल्या बाईनं पद दुसऱ्यांदा म्हणावं तसं, पहिल्याहून मोठ्या आणि सावकाश आवाजात, ती म्हणाली, “मला कुणी टाकलेलं नाही. मी निघाले.”

टाळ्यांमध्ये मला आणखी काही ऐकू आलं नाही. मामलेदारीणबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या दोन बाकं ओलांडून खांबाजवळ गेल्या आणि तिथं बसल्या. एवढंच. पण तिथं बसल्या.

दाराचा पडदा सारून आम्ही बाहेर आलो तर बुवा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. कंपनीतल्या राजाला शोभेल असा तो माणूस, पण त्या क्षणी त्याला हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

“अक्कासाहेब,” शेवटी ते म्हणाले, “वन्समोअरनं फिल्म फार झिजते हो.”

“झिजू दे, बुवा,” आत्या म्हणाली. “ठेवून तरी काय करायचीय?”

बुवा म्हणाले होते तसा अर्ज झाला. दोन शनिवार बायकांचा खेळ बंद राहिला. तिसऱ्या शनिवारी तो पुन्हा सुरू झाला. मामलेदारांच्या घरात त्या दोन आठवड्यांत काय झालं ते कुणाला कळलं नाही, पण पहिलं तिकीट मामलेदारीणबाईंनीच काढलं. पाट्या वाचायला मीच होते. बुवांनी मला पुन्हा कधी वाक्य दिलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही दोघी घराकडे निघालो तेव्हा आत्या माझ्या पुढं चालत होती. एरवी ती भिंतीच्या कडेनं चालायची. आज रस्त्याच्या मधून. एक टांगेवाला ओरडला, तरी ती आपल्याच चालीनं बाजूला झाली.

“काल तर मला ‘नको वाचूस’ म्हणालीस,” मी मागून म्हणाले.

“मग? तू वाचू नकोस असं म्हणाले. मी बोलणार नाही असं कुठं म्हणाले?”

“पण का?”

ती थांबली नाही. “तुझ्या एकटीवर आलं ना सगळं. तुझं इंग्रजी कच्चं म्हणाली ती. तुझं इंग्रजी! मग मला काही बसवेना.”

अण्णा ओसरीवर उभे होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. त्यांचा चेहरा मला राग आलेल्या माणसाचा वाटला नाही. सांभाळून ठेवलेलं काचेचं भांडं कुणी रस्त्यात नेऊन ठेवल्यावर व्हावा, तसा दिसला.

“अक्का, काय केलंस हे?” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो. बाबांनी सांगितलं म्हणून सांगत आलो. तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.”

“ठाऊक आहे मला, विनू. म्हणून तर तुला कधी खोडलं नाही.”

“आता लोक विचारतील.”

“विचारू देत. माझ्याकडं पाठव.”

अण्णा खाली बसले. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट चाचपत राहिले. मग मला विचारलं, आणि आवाज अगदी साधा होता, “काय गं, त्या सिनेमातल्या बाईचं पुढं काय होतं? बर्फात गेल्यावर?”

“काही दाखवलेलं नाही, अण्णा. चित्र तिथंच संपतं.”

“तिथं नाही संपत,” अक्काआत्या म्हणाली. ती चुलीकडे निघाली होती, दारात वळली. “पुढचं मी सांगते. पुढं ती भावाकडं येते. त्याची पोर वाढवते. बी.एस्सी. करते तिला. ऐकलंस? आता मी भात टाकते, तुम्ही दोघं हातपाय धुऊन या.”